एकाच रात्रीच्या अनेक टेपा

१९६८ साली ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडची 'डार्क स्टार' नावाची तबकडी निघाली. गाणं पावणेतीन मिनिटांत संपतं. चार वर्षांनी, ११ मे १९७२ रोजी, हॉलंडमधल्या रॉटरडॅमला याच बँडने हेच गाणं वाजवायला घेतलं आणि ते संपलं तेव्हा पाऊण तासाहून जास्त वेळ उलटला होता! शब्द तेच, चाल तीच. मग मधली चाळीस-बेचाळीस मिनिटं ही मंडळी करत काय होती?

एकमेकांचं ऐकत होती. जेरी गार्सियाची गिटार एक वळण घेते, फिल लेशचा बास त्याला भलतंच उत्तर देतो, त्या उत्तराने ड्रमवाल्याचा ठेका बदलतो, आणि पाच मिनिटांनी सगळे अशा ठिकाणी येऊन पोचतात जिथे जायचं कोणीच ठरवलेलं नव्हतं. रागदारी ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. यमन कसा झाला, असं नुसतं विचारून भागत नाही; कोणाचा, कुठला, कोणत्या संध्याकाळचा, हे आधी सांगावं लागतं. डेडच्या गाण्यांचंही नेमकं तसंच आहे. 'डार्क स्टार' आवडतं, असं त्यांचा चाहता कधी म्हणणार नाही. तो तारीख सांगेल.

आणि तारखा किती? १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत बँडने सुमारे २,३०० कार्यक्रम केले. एकाही रात्रीची गाण्यांची यादी दुसऱ्या रात्रीची नक्कल नसे. त्यातल्या बहुतेक कार्यक्रमांचं काही ना काही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे, आणि अनेक रात्रींची एक नव्हे, पाच-पाच, दहा-दहा! एवढं सगळं टेप केलं कोणी?

सुरुवात बँडच्याच माणसाने केली. आउजली स्टॅनली, ज्याला सगळे 'बेअर' म्हणत, हा त्यांचा सुरुवातीच्या काळातला ध्वनितंत्रज्ञ. आपण आज आवाज कसा जुळवला, हे दुसऱ्या दिवशी तपासता यावं म्हणून तो रोजचा कार्यक्रम टेप करून ठेवी. त्या टेपांना तो आवाजाची रोजनिशी म्हणायचा. पण खरी नवलाई पुढची आहे. हळूहळू श्रोतेही माइक आणि टेपरेकॉर्डर लपवून आत नेऊ लागले. दुसरा कुठलाही बँड असता तर पोलीस बोलावले असते. इथे बँडने आधी काणाडोळा केला आणि नंतर चक्क जागा करून दिली. ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमापासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं निघाली. त्यांच्या माइकच्या उंच काठ्यांमुळे मागच्यांना रंगमंच दिसत नसे, म्हणून त्यांना ध्वनितंत्रज्ञाच्या मागचा भाग नेमून दिला गेला. या लोकांना नावही मिळालं: टेपर.

हे औदार्य आलं कुठून? मला वाटतं, त्याचं मूळ १९६४ मध्ये आहे. बँड जन्मायच्या आदल्या वर्षी तरुण गार्सिया एका मित्राबरोबर गाडीत टेपरेकॉर्डर टाकून अमेरिकेच्या दक्षिणेकडे निघाला होता. कशासाठी? ब्लूग्रास हे गावाकडचं तंतुवाद्यांचं संगीत प्रत्यक्ष ऐकायला आणि टेप करून आणायला. हा माणूस स्वतःच टेपर होता! एकदा वाजवून झालं की ते संगीत ऐकणाऱ्यांचं, असं तो पुढे सांगत राहिला. अट एकच: विकायचं नाही.

विकायचं नाही म्हटल्यावर अदलाबदल सुरू झाली. १९७४ साली न्यू यॉर्कमध्ये 'डेड रेलिक्स' नावाची छोटी पत्रिका निघाली, तीच मुळी टेपांची देवघेव करणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे काहीच नसेल तर रिकाम्या कॅसेटी आणि परतीच्या टपालाचा खर्च पाठवायचा. पलीकडचा अनोळखी माणूस रात्रभर बसून तुम्हाला प्रत काढून देई. पैशाचा व्यवहार शून्य.

आता कान तयार होण्याची पहिली पायरी बघा. कॅसेटवरून कॅसेटवर प्रत काढली की मूळ टेपेची खरखर त्यात येतेच, वर नव्या टेपेची आपली खरखर मिसळते. सगळ्यात आधी बळी जातात ते वरचे, बारीक आवाज: झांजेची चमक, तारेवर नख लागल्याचा आवाज. चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत सगळा बँड जाड पडद्याआडून वाजतोय असं वाटू लागतं. म्हणून चाहत्यांचा पहिला प्रश्न असे, 'कितवी प्रत?' मूळ टेपेपासून तुमच्या हातातल्या कॅसेटपर्यंतची सगळी वंशावळ कव्हरवर लिहायची पद्धत पडली. पुढे इंटरनेटवर फायली फिरू लागल्या तेव्हाही ती सुटली नाही. आजही प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत मजकुराची एक छोटी फाइल असते: माइक कुठला, यंत्र कुठलं, कितव्या ओळीत बसून टेप केलं, संगणकावर कोणी चढवलं. एमपीथ्री करून आवाजाचा काही भाग कायमचा गाळून टाकणं या मंडळींत वर्ज्य.

दुसरी अडचण आणखी मजेदार. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. बँड तर थांबायला तयार नाही! मग अंधारात, भर गाण्यात, कॅसेट काढायची, उलटायची, परत दाबायची. निष्णात हातालाही काही सेकंद लागतात आणि तेवढं संगीत कायमचं जातं. पण चार खुर्च्या सोडून बसलेल्या दुसऱ्या टेपरने आपलं यंत्र तीन मिनिटं उशिरा चालू केलेलं असतं. त्याची बाजू संपते वेगळ्याच क्षणी. म्हणजे याच्या भोकाचं ठिगळ त्याच्या टेपेत आहे आणि त्याच्या भोकाचं याच्या. कित्येक रात्री आज अखंड ऐकू येतात त्या अशा दोन अनोळखी माणसांच्या टेपा वर्षांनंतर कोणीतरी शिवल्या म्हणून.

बरं, टेप करायची जागा कोणती चांगली? इथे चाहत्यांच्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात गोड भांडणाला तोंड फुटतं.

एक पक्ष म्हणतो, साउंडबोर्ड. म्हणजे गायकांच्या आणि वाद्यांच्या माइकमधून येणाऱ्या वायरी ज्या मिक्सरमध्ये जातात, तिथूनच थेट टेपरेकॉर्डरला जोडणी. ना टाळ्या, ना खोकले, ना शेजारच्याची बडबड. शुद्ध संगीत. याहून खरं काय असणार?

दुसरा पक्ष हसतो, आणि त्याचा मुद्दा ऐकला की थक्क व्हायला होतं. सभागृह लहान असेल तर गिटारचा ॲम्प्लिफायर रंगमंचावरूनच सगळ्यांना ऐकू जातो. मग तंत्रज्ञ मिक्सरमधून गिटार फारशी सोडतच नाही; गरज नसते. गाणाऱ्याचा आवाज मात्र भरपूर सोडावा लागतो. सभागृहात दोन्ही मिळून तोल साधतो. पण मिक्सरला जोडलेल्या टेपेला सभागृह ऐकूच येत नाही! तिच्यात येतं फक्त वायरीतलं: गळे कानाशी आणि गिटार कुठे तरी लांब. त्या रात्री तिथल्या एकाही माणसाने न ऐकलेला कार्यक्रम त्या 'शुद्ध' टेपेवर उमटलेला असतो.

याउलट श्रोत्यांत उभे केलेले दोन माइक. कानांमध्ये असतं साधारण तेवढंच अंतर ठेवून, एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे वळवलेला. डावीकडून आलेला आवाज उजव्या माइकला कणभर उशिरा आणि कणभर मंद पोचतो. नंतर हेडफोन लावून ऐकताना तुमचा मेंदू एवढ्याशा फरकावरून अख्खं सभागृह उभं करतो: छत किती उंच, भिंत किती दूर, ड्रम कुठे मांडलेत. बास जरा घुमतो, मान्य. कोणी तरी शिट्टी वाजवतं. पण एखाद्या गाण्याचे पहिले दोन सूर ओळखून पाच हजार माणसं एकदम ओरडतात, तो क्षण साउंडबोर्डच्या टेपेवर जवळजवळ नसतोच. मी या दुसऱ्या पक्षाकडे झुकलेली आहे, हे कबूल करते.

दोन्ही टेपा एकत्र केल्या तर? करतात, त्याला मॅट्रिक्स म्हणतात आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचापासून तीस मीटरवर उभ्या माइकला तो साधारण ८८ मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि वायरीतून मात्र तत्क्षणी. तेवढं सरकवलं नाही तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. सरकवलं तरी काम संपत नाही, कारण दोन यंत्रांच्या मोटारी कधीच सारख्या वेगाने फिरत नाहीत. हजारात एकाचा फरक असला तरी सतरा मिनिटांत दोन टेपा एकमेकींपासून एक सेकंद लांब जातात. लोक रात्र-रात्र बसून हे इंच-इंच जुळवतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी तर एकाच कार्यक्रमाची अनेक ध्वनिमुद्रणं संगणकाकडून जुळवून घेण्यासाठी डेडच्याच टेपा निवडल्या. एवढं समृद्ध साहित्य त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

टेपेचा वेग ही तर स्वतंत्र विद्याच आहे. टेप करताना बॅटरी उतरत गेली की मोटार मंदावते. नंतर तीच टेप नेहमीच्या वेगाने लावली की सगळं भरभर पळतं आणि सूर चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय जोशात वाजवलंय! प्रत्यक्षात जोश बॅटरीचा. मग खरा वेग शोधायचा कसा? अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते आणि तिची मंद घरघर पुष्कळ टेपांत नकळत शिरलेली असते. ती घरघर ६० च्या जागी ६१.२ भरली, तर टेप दोन टक्के जोरात आहे, हिशेब मिटला. ज्या आवाजाला सगळे वैतागतात तोच इथे साक्षीला येतो! याहून अचाट युक्ती अधिकृत प्रकाशनांसाठी वापरली गेली. चुंबकीय टेपेवर आवाज नीट उमटावा म्हणून यंत्र सोबत एक अतिउच्च कंपनांचा संकेत सोडतं. माणसाला तो ऐकूच येत नाही. त्याचा पुसटसा माग टेपेवर राहतो. तो माग वाचून मूळ यंत्राची मोटार कोणत्या क्षणी किती थरथरली हे काढता येतं आणि ती थरथर उलटी लावून मिटवता येते.

चाहते हे सगळं शिकले ते कोणत्याही वर्गात न बसता, केवळ 'माझी टेप तुझ्यापेक्षा चांगली' या हट्टापायी. त्यांचे कान किती तीक्ष्ण होतात, याचं एक उदाहरण १९७४ सालच्या टेपांचं. त्या वर्षीच्या अनेक टेपांत गळे विचित्र पातळ ऐकू येतात. का? त्या वर्षी बँडने 'वॉल ऑफ साउंड' नावाची अजस्र भिंत सोबत फिरवली: सहाशेच्या आसपास स्पीकर, सुमारे ७५ टन वजन, तीन मजली उंची. लेशच्या बासच्या चार तारांचे आवाजसुद्धा वेगवेगळ्या स्पीकरांतून सोडता येत. ही भिंत वादकांच्या मागे होती, म्हणजे श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांना. पण स्पीकर माइकच्या पाठीशी उभे केले की माइक तोच आवाज पुन्हा उचलतो आणि कर्कश किंचाळी उठते. यावरचा तोडगा असा: प्रत्येक गायकापुढे दोन माइक, एकावर एक, आणि त्यांची जोडणी एकमेकांच्या विरुद्ध. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकाला खोडून टाकतो. गायक गातो फक्त एकातच, म्हणून त्याचा आवाज तेवढा उरतो. केवढी देखणी कल्पना! फक्त खोडाखोडीत गळ्याचाही थोडा भरदारपणा जातो. पन्नास वर्षांनी हेडफोन लावून बसलेला चाहता तेवढ्यावरून सांगतो, ही टेप चौऱ्याहत्तरची.

आता सगळ्यात गाजलेल्या भांडणाकडे येऊ. ८ मे १९७७, न्यू यॉर्क राज्यातलं इथाका गाव, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. लष्करी कवायतीसाठी बांधलेली ही इमारत. संगीतासाठी कोणी मुद्दाम निवडावी अशी नव्हे. बाहेर मे महिन्यात बर्फ पडला. आत 'स्कार्लेट बिगोनियाज' सुरू झालं आणि न थांबता 'फायर ऑन द माउंटन'मध्ये उतरलं. दोन्ही मिळून साधारण सत्तावीस मिनिटं. ही जोडी जेमतेम सात आठवड्यांपूर्वी, १८ मार्चला, पहिल्यांदा एकत्र वाजली होती. पहिलं गाणं नेमकं कोणत्या क्षणी संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, बोट ठेवून दाखवता येत नाही. बास एक सूर धरून बसतो, दोन ड्रमवाले ठेका थोडा थोडा सैल सोडतात, गिटार अजून जुन्याच गाण्यात फिरत असते, आणि केव्हातरी लक्षात येतं की आपण कधीचेच दुसऱ्या गाण्यात आलोय. 'फायर'मध्ये दोनच कॉर्ड आहेत. पंधरा मिनिटं दोन कॉर्डवर, आणि कंटाळा औषधालाही नाही!

या गाण्याची नाळ थेट मुंबईशी जुळलेली आहे. डेडचा ड्रमवादक मिकी हार्ट १९६७ साली उस्ताद अल्लारखाँना भेटला आणि त्यांच्याकडे शिकला. पुढे माहीमला वाढलेल्या झाकीर हुसेन यांच्यासोबत त्याने कॅलिफोर्नियात दिगा ऱ्हिदम बँड उभा केला. १९७६ च्या 'दिगा' या त्यांच्या अल्बममध्ये 'हॅपिनेस इज ड्रमिंग' नावाची शब्दांविना वाजलेली रचना आहे. गार्सिया तिच्यात गिटार वाजवतो. तीच रचना वर्षभरात शब्द लेऊन 'फायर ऑन द माउंटन' झाली. कॉर्नेलच्या टेपेवर जगभरचे लोक ज्या लयीवर झुलतात, तिच्या जन्मवेळी आपले झाकीरभाई तिथे हजर होते.

पण २,३०० रात्रींतून नेमकी हीच रात्र का गाजली? याचं अर्धं श्रेय एका बाईंचं आहे. बेटी कँटर-जॅक्सन. त्या सभागृहासाठी केलेलं मिक्स उचलत नसत. माइकचे आवाज वेगळे घेऊन खास टेपेसाठी स्वतःचं मिक्स करत. म्हणजे साउंडबोर्डचा मघाशी सांगितलेला सगळा दोष त्यांच्या टेपांत गळून पडतो. प्रत्येक वाद्य जागच्या जागी, ठसठशीत. पुढे त्यांच्यावर वाईट दिवस आले, गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये त्या टेपांचा लिलाव झाला! विकत घेणाऱ्यांमार्फत त्या चाहत्यांपर्यंत पोचल्या आणि १९८७ पासून घराघरांत गेल्या. खरखर नाही, घुमारा नाही. प्रती काढून काढून मेलेल्या कॅसेटी ऐकणाऱ्यांना त्या कशा वाटल्या असतील, कल्पना करा. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कॉर्नेलचं हे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय नोंदवहीत घेतल्याचं जाहीर केलं. अधिकृत अल्बम निघाला तो थेट २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी.

तर मग भांडण असं: कॉर्नेलची रात्र थोर, की कॉर्नेलची टेप थोर? अनेक जाणकार शपथेवर सांगतात की दुसऱ्याच दिवशी, ९ मे रोजी बफेलोला बँड त्याहून सरस वाजला. काहींना १९७७ म्हणजे फार गुळगुळीत वाटतं. त्यांना १९६९ ची आग हवी किंवा २७ ऑगस्ट १९७२ ची ऑरेगनमधल्या व्हेनेटाची तळपती दुपार. माझं मत विचाराल तर बफेलोची सुरुवात खरोखरच भारी आहे, पण 'मॉर्निंग ड्यू'च्या शेवटी गार्सिया तारांवर हात झाडत झाडत जो कळस गाठतो, तो कॉर्नेललाच. ही टेपेची किमया म्हणावी तर श्रोत्यांत बसून केलेल्या कॉर्नेलच्या टेपाही आहेत. घुमणाऱ्या हॉलसकट ऐकतानाही त्या जागी अंगावर काटा येतो.

या तुलनेच्या वेडातून माणसं कुठवर गेली! डिक लाटवाला हा असाच एक टेपा गोळा करणारा चाहता; ऐकलेल्या प्रत्येक रात्रीबद्दल वह्या भरभरून लिहायचा. बँडने त्यालाच आपल्या टेपांच्या भांडाराची किल्ली दिली, आणि १९९३ पासून 'डिक्स पिक्स' या नावाने त्याच्या निवडीच्या रात्री प्रसिद्ध होऊ लागल्या. कॅनडाचा संगीतकार जॉन ऑसवल्ड याने त्याच सुमारास वेगवेगळ्या वर्षांतली शंभराहून जास्त 'डार्क स्टार' घेतली आणि थरावर थर रचून एकच अतिदीर्घ 'डार्क स्टार' बनवलं. त्यात तरुण गार्सिया आणि म्हातारा गार्सिया एकमेकांच्या जोडीने वाजवतात.

गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी गेला आणि बँड थांबला. दोन वर्षांनी शिकागोमध्ये डार्क स्टार ऑर्केस्ट्रा नावाचा दुसरा बँड उभा राहिला. हे लोक डेडच्या कारकिर्दीतली एक तारीख निवडतात. त्या रात्रीची यादी, तोच क्रम, त्या वर्षी रंगमंचावर वाद्यं जशी मांडत तशीच मांडणी. मधला मोकळा विस्तार मात्र त्यांचा स्वतःचा. तारीख आधी सांगत नाहीत. श्रोते गाण्यांवरून आणि मांडणीवरून ती ओळखायच्या खटपटीत असतात आणि कार्यक्रम संपल्यावर ती जाहीर होते. टेप करायला इथेही मुभा आहे. तेव्हा श्रोत्यांत काठीवर माइक लावून कोणी ना कोणी उभा असतोच, आणि घरी गेल्यावर त्या टेपेची मूळ तारखेच्या टेपेशी तुलना सुरू होते.